वाण नाही, पण गुण

आमच्या गल्लीत मला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. मी मास्तर होतो हे खरं, पण स्टेशनमास्तर. सदतीस वर्षं मी लाल-हिरवे झेंडे, फाटकं आणि फोन यांच्या संगतीत काढली. शाळेशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी मीही एकदा शाळेत होतो. पण गल्लीत नव्याने राहायला आलेल्या मंडळींना हा तपशील ठाऊक नसतो. ‘मास्तर’ म्हटल्यावर ती खडू-फळ्याचाच अर्थ घेतात आणि दरवर्षी दहावीचा निकाल लागला की पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसतात.

“मास्तर, पोराला कॉम्प्युटर इंजिनिअर करायचंय. अकरावीला कोणते विषय घ्यायचे?”

सुरुवातीला मी खुलासा करीत असे. पुढे पेढे चांगल्या दुकानातले येऊ लागले, तेव्हा खुलासा करणं सोडून दिलं.

तसं पाहिलं तर सल्ला देण्याच्या कामी अज्ञानाची अडचण होत नाही, उलट सोयच होते. ज्याला माहिती असते तो ‘पण’, ‘परंतु’ करीत अडखळतो. ज्याला नसते तो धाडकन सांगून मोकळा होतो. माझंच पाहा ना. १९८५-८६च्या सुमाराला दिल्लीला रेल्वेचं आरक्षण कॉम्प्युटरवर सुरू झालं. त्या वेळी मी इथल्या चहाच्या टपरीवर चार माणसांसमक्ष जाहीर केलं होतं, “हे यंत्र दिल्लीला चालेल. भुसावळच्या उन्हाळ्यात टिकायचं नाही!” सेहेचाळीस अंशांत जिथे माणसाचं डोकं चालत नाही, तिथे यंत्राचं काय चालणार, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. यथावकाश यंत्र आलं. त्याला वातानुकूलित खोली मिळाली आणि ते टिकलं. उन्हाळा काढायचा राहिला तो आमच्याच वाट्याला.

म्हणजे ज्या गृहस्थाला कॉम्प्युटर भुसावळात येईल की नाही एवढंही सांगता आलं नाही, तो गृहस्थ आता गल्लीतल्या पोरांना कॉम्प्युटरकडे जायचा रस्ता दाखवतो. हे नीतीला धरून आहे का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. लोकांची मुलं असली म्हणजे असले प्रश्न पडत नाहीत.

१३ मे २०२५ला दहावीचा निकाल लागला आणि त्यात आमची नात होती. ब्याण्णव टक्के! तिलाही कॉम्प्युटर इंजिनिअरच व्हायचं होतं. या खेपेला पेढे आमच्याच घरातले होते आणि सल्लाही आमच्याच घरात द्यायचा होता. प्रथमच माझा घास घशात अडकला.

त्या साली अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले होते. त्यामुळे कॉलेजच्या खिडकीशी जाऊन तिथल्या कारकुनाला “काय घेऊ हो?” असं विचारायचीही सोय उरली नव्हती. घरातच बसून ठरवायचं. त्यासाठी एका रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत सभा भरली. १९३६ साली इथून जवळच फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं होतं. तिथेही इतके मतभेद झाले नसतील.

मुद्दा वरवर अगदी साधा होता. इंग्रजी, भौतिक, रसायन आणि गणित हे चार विषय पक्के. भांडण होतं उरलेल्या दोन जागांवरून. मराठी आणि जीवशास्त्र घ्यायचं, की ते दोन्ही सोडून त्यांच्या जागी ‘बायफोकल’ म्हणतात तो दोनशे गुणांचा कॉम्प्युटर सायन्स घ्यायचा? पूर्वी मला बायफोकल म्हणजे फक्त चष्मा ठाऊक होता, वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसतं तो. या सभेत ज्याला-त्याला फक्त वरचंच दिसत होतं.

सूनबाई म्हणाल्या, “बायोलॉजी असू द्या. वेळेवर मेडिकलचं मनात आलं तर दार उघडं राहतं.” पोरगी झुरळ दिसलं की पलंगावर चढते. पण दार उघडं राहायला हवं.

नातीचे मामा पुण्याला असतात आणि पुण्याला असल्यासारखंच बोलतात. ते म्हणाले, “कॉम्प्युटरच घ्या. प्रॅक्टिकलचे गुण हातचे. दोनशेपैकी एकशे नव्वद कुठे गेले नाहीत.”

क्लासचे सर मुद्दाम बोलावले होते. त्यांनी मामांच्या फुग्याला टाचणी लावली. “त्या गुणांचा उपयोग काय? सीईटीत तीनच विषय. गणिताचे शंभर, भौतिकचे पन्नास, रसायनचे पन्नास. वीस टक्के अकरावीचं, ऐंशी टक्के बारावीचं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कॉम्प्युटरचा एकही मार्क धरत नाहीत. सगळ्यात हलका विषय घ्या अन् वेळ वाचवा.”

मी थक्कच झालो. कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलीने कॉम्प्युटर शिकून वेळ वाया घालवू नये, हा शुद्ध व्यवहार होता आणि त्यात तसूभर चूक काढता येत नव्हती. स्वयंपाकाच्या परीक्षेला बसणाऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन वेळ दवडू नये, तसंच हे.

“आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत,” सर म्हणाले, “तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही. येत नसलं तरी ठोकून द्यायचं.”

रेल्वेत अशी सोय असती तर माझी नोकरी किती सुखाची झाली असती, असं क्षणभर मनात येऊन गेलं.

अशी तासभर वादावादी चालली. त्या तासात ‘गुण’ हा शब्द किती वेळा आला याची मोजदाद मी ठेवली नाही. पण ऐकता ऐकता मला त्या शब्दाचीच गंमत वाटू लागली. आपल्या भाषेत परीक्षेतल्या मार्कांनाही गुण म्हणतात आणि माणसाच्या चांगुलपणालाही गुणच म्हणतात. औषधाला गुण येतो आणि पोराने दिवे लावले तर ‘काय गुण उधळलेत’ असंही आपण म्हणतो. एवढ्या साऱ्या अर्थांतून आमच्या सभेने नेमका एकच उचलला होता, जो गुणपत्रिकेत छापून येतो तो.

मला आठवली ती आपली जुनी म्हण. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. गोठ्यात कुणाशेजारी बांधलं जातं यावर बैलाचंसुद्धा वळण ठरतं. मग दोन वर्षं ज्या विषयाशेजारी पोराला बांधायचं त्या विषयाचा गुण पोराला लागणार नाही का? विषय गुण देतो ते मार्चमध्ये, पण गुण लावतो तो जन्मभर. गणिताशेजारी बसलं की ‘माझं चुकलं’ असं निमूटपणे कबूल करायची सवय लागते, कारण गणितापुढे आवाज चढवून उपयोग नसतो. प्रयोगशाळेत बसलं की धीर येतो. आणि भाषेशेजारी बसलं की जे म्हणायचंय तेच म्हणायची सवय लागते.

ही शेवटची गोष्ट मी ऐकीव सांगत नाही.

फार वर्षांपूर्वी मी एका लहानशा स्टेशनावर होतो. पावसाळ्याची रात्र. गाडी सोडण्याआधी पुढच्या फाटकवाल्याला फोन करायचा, त्याने फाटक बंद केल्याचं सांगायचं आणि खात्रीसाठी त्याच्याकडच्या वहीतला एक खाजगी नंबर द्यायचा, अशी ती पद्धत. मी फोन केला. तिकडून आवाज आला, “बंद करतो साहेब, नंबर लिहून घ्या—”

“नंबर नंतर,” मी म्हटलं. “आधी सांग, करतो का केलं?”

तिकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “साहेब, बैलगाडी रुळात हाय. चाक अडकलंय. निघालीच बघा आता.”

मी सिग्नल लालच ठेवला. गाडी अकरा मिनिटं उशिरा गेली आणि बैल, गाडीवान आणि गाडीतली माणसं आपापल्या घरी गेली. फाटकवाला खोटं बोलत नव्हता. तो खरंच फाटक बंद ‘करतो’ होता. फक्त ते ‘केलं’ नव्हतं. वर्तमानकाळ आणि भूतकाळ यांतला फरक आम्हाला शाळेत गुरुजींनी छडी मारून शिकवला होता. त्याला तेव्हा दोन गुण होते. त्या रात्री ते किती गुणांचं झालं, ते कुठल्या गुणपत्रिकेत लिहायचं?

ही हकिकत मी सभेत सांगितली आणि वर म्हणालो, “आता कितीतरी स्टेशनांवर सांधे आणि सिग्नल कॉम्प्युटरच सांभाळतो. उद्या त्याला ‘करतो’ आणि ‘केलं’ यातला फरक शिकवणारी ही आमची नातच असेल. तिला मराठी नको कसं?”

माझ्या बाजूने साक्षीदारही भक्कम होते. डाइक्स्ट्रा नावाचे एक मोठे डच संगणकशास्त्रज्ञ होऊन गेले. चांगला प्रोग्रॅमर व्हायचं तर गणिताच्या आवडीबरोबर स्वतःच्या मातृभाषेवर हुकमत हवी, असं त्यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं आहे. लांब कशाला जा? इथून नागपूरच्या गाडीत बसलं की वाटेत मूर्तिजापूर लागतं. त्याच भागातल्या मुरंब्याला विजय भटकरांचा जन्म झाला. ते शिकले विद्युत अभियांत्रिकी. त्यांच्या शाळकरी वयात तिकडच्या शाळेत कॉम्प्युटर नावाचा विषयच नव्हता. तरी त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम’ हा महासंगणक उभा केला. नरेंद्र करमरकरांनीही आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकीच शिकून पुढे १९८४ साली ती जगप्रसिद्ध गणनपद्धती शोधली. आणि आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली नाव दिलं ते बहिणाबाई चौधरींचं, ज्यांना अक्षरओळखही नव्हती! आता सांगा, कोणत्या विषयाने कोण कुठे पोचतो याचं वेळापत्रक कुणाकडे आहे?

भाषण चांगलं झालं असावं, कारण क्लासचे सर घड्याळाकडे पाहू लागले.

तेवढ्यात कोपऱ्यातून आमचे सावद्याचे व्याही बोलले. त्यांची केळीची बाग आहे. माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलतो, पण ती तोलून.

“मास्तर, तुमचं बोलणं गोड हाय. पन आम्ही केळी लावतो ते घडासाठीच लावतो नं? शोभेसाठी तं कोनी लावत नाही.”

मी गप्प झालो. त्यांचं खरं होतं. पेन्शन खाणाऱ्या माणसाने ‘गुणांच्या मागे लागू नका’ म्हणणं सोपं असतं. सरकारी कॉलेजात जागा मिळाली तर फी एक आणि नाही मिळाली तर फी भलतीच, हा हिशेब ज्याला करायचा असतो त्याने घड मोजूच नये म्हणणं हाही एक प्रकारचा उद्दामपणाच. फळाची आशा सोडायचा उपदेश अर्जुनाला केला होता. पण त्याला काही अकरावीचा फॉर्म भरायचा नव्हता.

“पन घड उतरला का खोड कापतो आम्ही,” व्याही पुढे म्हणाले. “एका खोडाला एकच घड. मंग बाग पुढं कशावर चालते? खाली कंदाला पिलं फुटतात त्याच्यावर. त्यातलं एक ठेवायचं, बाकीची काढून टाकायची. कोनतं ठेवायचं ते बागवाल्याला पाह्यलं पाहिजे. समदी ठेवली तं एकही पोसत नाही.”

एवढं बोलून त्यांनी पानाचा डबा उघडला. मी मात्र विचारात पडलो. माझ्या साऱ्या व्याख्यानात हीच गोष्ट राहून गेली होती. निवडणं म्हणजे नुसतं काही घेणं नव्हे, काहीतरी स्वतःच्या हाताने कापणंही आहे. आणि कापलेलं पील काही वाईट असतं असं नाही. तेही वाढलं असतं.

“मग आता कोणतं पील ठेवायचं?” मी मुलाकडे वळून विचारलं. तो सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता. “तू बाप आहेस. तू सांग.”

तो हसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “अप्पा, माझ्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. आपण तिला विचारू या का?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

१९९४ साली हाच मुलगा दहावी झाला होता. त्याला इतिहासाचं वेड. सुट्टीत तो एकटाच किल्ले बघत हिंडायचा आणि वह्याच्या वह्या भरून लिहायचा. मी त्याला सायन्सला घातलं, बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स देऊन. का? तर त्याला ‘स्कोप’ होता. त्या काळी आम्ही बाप लोक सकाळ-संध्याकाळ हा शब्द तीर्थासारखा घेत असू. मुलगा पास झाला, पुढे बँकेत लागला, सुखात आहे. त्या वह्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही.

सदतीस वर्षं सांधे बदलून गाड्या मार्गी लावणारा माणूस मी. पण गाडीच्या बाबतीत एक बरं असतं, ती कुठे जायची हे डब्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. त्यात सांधेवाल्याचं मत विचारात घेत नाहीत. मुलाच्या कपाळावर पाटी नसते. ती आपणच रंगवतो, आपणच लावतो, त्याप्रमाणे सांधा ओढतो आणि गाडी त्या दिशेला गेली की म्हणतो, पाहा, इकडेच जायची होती!

तर शेवटी नातीला विचारायचं ठरलं. ती आतल्या खोलीत होती. तिच्याच प्रश्नावरची सभा तिला वगळून दोन तास चालली होती, हे तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं. ती आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “मला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचंय.”

“सीईटीला धरत नाहीत ते,” सर म्हणाले.

“माहीत आहे.”

“मग कशाला?”

“मला आवडतं म्हणून. त्याच्या आत काय चालतं ते मला बघायचंय.”

खोलीत शांतता पसरली. ‘आवडतं’ हा शब्द त्या घरात सकाळपासून प्रथमच उच्चारला गेला होता. मजा अशी, की ज्या विषयाचा प्रवेशाला एका गुणाचाही उपयोग नाही तो विषय तिने डोळसपणे मागून घेतला होता. मी तासभर ज्या तत्त्वावर तोंडाची वाफ दवडली, ते पोरीने दोन वाक्यांत आचरून दाखवलं, आणि नेमकं माझ्या मताविरुद्ध!

“आणि मराठी?” मी शेवटचा खडा टाकून पाहिला. “ते कापलंस ना?”

तिचा चेहरा जरा उतरला. “हो आजोबा. ते मला पण वाईट वाटतंय. पण मराठी तुम्ही शिकवू शकता. कॉम्प्युटर तुम्हाला येत नाही.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मुलाने लॅपटॉप पुढे ओढला आणि तिच्याकडे सरकवला. “तू भर,” तो म्हणाला. “मी नुसतं स्पेलिंग बघतो.”

त्यानंतर आमचा करार झाला. रोज संध्याकाळी जेवणाआधी तिने मराठीतलं एक पान मोठ्याने वाचायचं आणि मला त्याचा अर्थ सांगायचा. गुण नाहीत, परीक्षा नाही. कापलेलं पील अशा रीतीने परसात लावता येतं की नाही मला ठाऊक नाही. काही दिवस ते तग धरतं, काही दिवस माना टाकतं. क्लास असला की पान राहतं. पण मुलगा हल्ली त्या वेळेला आमच्याजवळ येऊन बसतो. परवा वाचायला काय घ्यावं म्हणून त्यानेच माळ्यावरून एक जुनी वही काढून आणली. त्याचीच होती.

तिच्या अभ्यासातही मी आता अधूनमधून डोकावतो. १९७०च्या दशकात निघालेली ८०८५ नावाची चिप त्या मुलांना शिकवतात म्हणे. एवढी जुनी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, “आजोबा, नवीन चिपमध्ये काही दिसतच नाही. हिच्यात सगळं समजतं.” मला एकदम पटलं. वाफेच्या इंजिनाचंही तसंच होतं. दट्ट्या कुठे, चाक कुठे, कोण कुणाला ढकलतंय, फलाटावरच्या पोरालाही दिसायचं.

एका रात्री साडेदहाला ती लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगाशी आली. तासभर तिचा सी प्लस प्लसमधला प्रोग्रॅम चालत नव्हता आणि शेवटी चूक सापडली होती. एका ओळीच्या शेवटी एक लहानसं चिन्ह द्यायचं राहिलं होतं, एक टिंब आणि त्याखाली स्वल्पविराम.

“एवढ्याशासाठी अडून बसला?” मी म्हटलं.

“त्याला आपल्या मनातलं कळत नाही आजोबा. लिहिलं तेवढंच कळतं. तुमच्या फाटकासारखं.” मग जरा थांबून म्हणाली, “मराठीत याला अर्धविराम म्हणतात ना? मराठीत तो नक्की कुठे देतात?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. वयाची पंच्याहत्तरी झाली, मराठीच्या बाजूने एवढं भाषण ठोकलं, पण अर्धविराम नक्की कुठे द्यायचा हे काही धडपणे सांगता येईना.

“सांगतो,” मी म्हटलं.

पोरगी दारापर्यंत जाऊन थांबली आणि वळून म्हणाली, “आजोबा, सांगतो, का सांगितलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी माळ्यावर चढून व्याकरणाचं पुस्तक शोधत होतो.